डेअरीतली दोरी

गावच्या डेअरीत दूध येणं थांबलं त्याच उन्हाळ्यात तिथं कुत्री यायला लागली, आणि ती आणायचं काम माझ्याकडं होतं. माझी आई हे सांगताना कपाळाला हात लावायची. "पोरीनं बीएस्सी केली अन् आता गावभर कुत्री वळती," असं ती प्रत्येक आल्यागेल्याला ऐकवायची. वर म्हणायची, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं."

घरचं म्हणजे दुष्काळ. विहिरी तळाला गेल्या होत्या, पाणी टँकरनं यायचं आणि जनावरं नांदूरघाटाच्या रस्त्याला लागलेल्या चारा छावणीत बांधलेली होती. व्याह्यानं धाडलेलं घोडं म्हणजे पुण्याहून आलेल्या मॅडम. पाळीव कुत्री एकमेकांना साथ देतात का, आणि देतात तर कुणाला, याचा त्या अभ्यास करत होत्या. शहरातली कुत्री बघून झाली होती, आता त्यांना खेड्यातली हवी होती. कॉलेजातल्या माझ्या सरांनी त्यांना माझं नाव सांगितलं. त्या वर्षी गावात लग्नं जमत नव्हती, त्यामुळं मी मोकळीच होते. मदतनीस म्हणून मला घेतलं.

जागेचा प्रश्न डेअरीनं सोडवला. आमच्या सहकारी दूध संस्थेची सिमेंटच्या फरशीची एक लांब खोली होती. जनावरांनाच चारा नाही तर दूध कुठून येणार? फॅट बघायचं यंत्र पोत्याखाली झाकलेलं, कॅन पालथे घातलेले, आणि सगळीकडं एक आंबूस वास. चेअरमननं किल्ली हसत हसत दिली. कुणीतरी कुलूप उघडतंय यातच त्याला समाधान होतं.

मॅडमनी त्या खोलीत मधोमध जाळी बसवली. जाळीपलीकडं चाकं लावलेली फळी, फळीवर खाऊच्या दोन वाट्या. फळीच्या कड्यांतून एकच लांब दोरी ओवलेली आणि तिची दोन टोकं जाळीच्या अलीकडं. दोन कुत्र्यांनी दोन टोकं एकाच वेळी ओढली की फळी पुढं सरकायची आणि वाट्या जाळीखालून बाहेर यायच्या. एकट्यानंच ओढलं तर दोरी सुळकन निघून त्याच्या तोंडात यायची आणि वाट्या जिथल्या तिथं राहायच्या.

"मॅडम, ही तर आमची संस्थाच झाली की," मी म्हणाले.

मॅडम हसल्या, पण मी काय बोलले ते त्यांना कळलं नसणार. आमच्या घराची गोष्ट अजून त्यांच्या कानावर गेली नव्हती.

दादा म्हणजे माझे वडील आणि तात्या त्यांचे थोरले भाऊ. एकाच अंगणाचे दोन भाग, मध्ये कमरेएवढी भिंत. पूर्वी त्या भिंतीवरून कालवणाच्या वाट्या इकडून तिकडं जायच्या. मग संस्थेची निवडणूक लागली. तात्या छत्रीच्या पॅनलमधून उभे राहिले आणि दादा कपबशीच्या. भावकीची मतं दोघांत फुटली, दोघंही आपटले आणि तिसराच माणूस चेअरमन झाला. जिंकलेल्यानं आणि हरलेल्यानं बोलणं टाकलं तर मला समजतं. इथं दोन हरलेल्यांनी टाकलं. मला वाटतं त्यांना एकमेकांपुढं उभं राहायची लाज वाटत होती, पण आमच्याकडं पुरुषमाणसाच्या लाजेला राग म्हणायची पद्धत आहे. त्या रागाला दोन वर्षं होऊन गेली होती.

हे असंच चाललं असतं, पण दुष्काळात दोघांनाही आपल्या बैलजोडीतला एकेक बैल विकावा लागला. आमच्याकडं लाल कंधारी राहिला, तात्यांकडं देवणी. एका बैलानं औत चालत नाही. अशा वेळी आमच्याकडं सावड करतात. ज्यांच्याकडं एकेकच बैल आहे असे दोघं आपापला बैल आणून जोडी लावतात आणि आज तुझं रान तर उद्या माझं असं आळीपाळीनं उरकतात. गावातल्या सगळ्या एकट्या बैलांच्या सावडी ठरून गेल्या होत्या. उरले होते दोनच, एक आमचा आणि एक भिंतीपलीकडचा. शेंबड्या पोरालाही दिसत होतं ते या दोन शहाण्यांना दिसत नव्हतं.

"एकल्या बैलाचं काय लोणचं घालायचं?" दादा म्हणाले. "येत्या आइतवारी नेकनूरच्या बाजारला नेतो."

त्या बैलाला मी वासरू असल्यापासून गूळ चारला होता. मी परीक्षेला गेले की तो माझ्या वाटेकडं बघत हंबरतो असं आई सांगायची, ते मी खरं मानत होते आणि अजूनही मानते. तो जायला नको होता मला. मी दादांशी भांडले, दोन वेळा जेवले नाही, ताट आपटलं. दादांनी ताट उचलून ठेवलं. तात्यांना जाऊन विचारा असं म्हणायची तर सोय नव्हती. तात्यांचं नाव काढलं की ते चपला घालून छावणीत निघून जायचे.

म्हणून मी कुत्र्यांत मन रमवलं. ते सोपं होतं असं कुणी समजू नये. मॅडमनी कुत्र्यांसाठी पुण्याहून गोळ्यांचा खाऊ आणला होता. आमच्या कुत्र्यांनी तो हुंगला आणि तोंड फिरवलं. बघायला जमलेल्यांपैकी एक म्हातारा म्हणाला, "बाई, ह्या तर शेळीच्या लेंड्या हायती." शेवटी मी ज्वारीच्या भाकरीला सुकट चोळून तुकडे केले तेव्हा काम सुरू झालं. मग मॅडमचे प्रश्न. कुत्रं घरात झोपतं का, हा त्यातला पहिला.

"कुत्रं घरात?" लोक विचारायचे. "मंग आमी कुटं निजावं?"

गळ्यात पट्टा एकाच्याही नव्हता. वासरांची दावी गळ्यात घालून मी त्यांना आणायची, आणि ती चारी पाय रोवून मागं ओढायची. दोन दिवसांत गावानं ठरवून टाकलं की ही शर्यत आहे. जोडी लागते, दोरी आहे, घड्याळ लावून बाई बसली आहे, मग शर्यत नाही तर काय? लोक कुत्र्यांना आंघोळ घालून आणायला लागले. टँकरच्या पाण्यानं! एकानं तर कपाळाला गुलाल लावून आणलं. "नंबर कवा काढनार?" हा प्रश्न मला पिठाच्या गिरणीतसुद्धा विचारला जायचा. नंबर नाही हो, अभ्यास आहे, असं सांगून माझा घसा बसला. शेवटी मी ओरडले की पहिल्या नंबराला मीच चावणार आहे. त्यानंतर जरा शांतता झाली.

मॅडम मात्र कधी चिडायच्या नाहीत. फरशीवर मांडी घालून, डोक्याला ओढणी गुंडाळून त्या तासन् तास बघत राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "दोरी ओढणं हे काही मोठं नाही. योगायोगानं दोघं एकदम ओढू शकतात. खरी परीक्षा थांबण्याची असते. एका कुत्र्याला आधी सोडायचं, दुसऱ्याला मागून. पहिलं जर दोरीपाशी जाऊन, दोरीला तोंड न लावता, दुसऱ्याची वाट बघत बसलं, तर समजायचं की एकट्यानं होत नाही हे त्याला कळलंय."

आमच्या गावच्या कुत्र्यांना ते कळलेलं नव्हतं. पहिलं सुटलेलं कुत्रं धावत जायचं, दोरी हिसकायचं आणि रिकामी दोरी तोंडात धरून आमच्याकडं बघायचं. निवडणुकीत पडलेल्या उमेदवाराच्या चेहऱ्यावर मी तोच भाव पाहिला होता.

मग मॅडमना एकमेकांना न ओळखणाऱ्या कुत्र्यांच्या जोड्या हव्या झाल्या. गावात अशी कुत्री कुठून आणायची? सगळी एकाच उकिरड्यावर वाढलेली. पण मला एक शक्कल सुचली. आमचा बांड्या आणि तात्यांचा काळा. निवडणूक झाल्यापासून काळा कधी आमच्या अंगणात आलेला मी बघितला नव्हता, आणि बांड्या तिकडं गेला असता तर आम्हीच त्याला हाकललं असतं. दोन्ही घरांचं बोलणं नाही म्हणजे कुत्र्यांचंही नसणार, असं मी मॅडमना छातीठोकपणे सांगितलं. सुकट दाखवून काळ्याला भिंतीपलीकडून पळवून आणला.

काळ्याला मॅडमनी धरलं, बांड्याला मी. दोघांना एकदम सोडलं. दोघं सरळ जाळीपाशी गेले, दोरीचं एकेक टोक धरलं, आणि वाट्या बाहेर. गुरगुर नाही, हिसकाहिसकी नाही. खाऊन झाल्यावर काळ्यानं बांड्याचं तोंड चाटून पुसलं.

मॅडमनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं. "ही कुत्री अनोळखी नाहीत," त्या म्हणाल्या. "ही एका हातचं खातात. रोज."

"शक्यच नाही," मी म्हणाले. मला रागच आला. माझ्या घरचं मला माहीत नाही का?

पण रात्रीतून ते डोक्यात किडा होऊन बसलं. दादा जनावरांपाशी छावणीतच झोपायचे. सकाळी मी त्यांची भाकरी घेऊन जायची आणि देऊन लगेच मागं फिरायची. बांड्या रोज माझ्यासोबत यायचा आणि तिथंच रेंगाळायचा. दुसऱ्या दिवशी मी भाकरी दिली, निघाल्यासारखं केलं आणि चाऱ्यासाठी आलेल्या उसाच्या वाढ्यांनी भरलेल्या ट्रॉलीमागं उभी राहिले.

दादांनी फडकं सोडलं. एक अख्खी भाकरी काढली, तिचे दोन भाग केले. एक बांड्यापुढं टाकला. मग इकडंतिकडं बघून जीभ टाळूला लावून च्यक् च्यक् केलं, आणि खालच्या, तात्यांच्या दावणीतून काळा शेपूट हलवत आला. दुसरा भाग त्याचा. "खा बाबा," दादा म्हणाले. "तुझं काय चुकलंय?"

एवढ्यावर मी परत आले असते तरी मला दिवसभर पुरलं असतं. पण दादा बैलाला हौदावर घेऊन गेले आणि खालच्या दावणीतून तात्या आले. त्यांनीही इकडंतिकडं बघितलं. त्यांच्याही हातात भाकरी होती. तिचेही दोन भाग झाले. दुष्काळात गावातली सगळी कुत्री बरगड्या दाखवत फिरत होती आणि ही दोन कशी काय गुटगुटीत, याचा उलगडा मला झाला. ट्रॉलीमागं तोंडात ओढणीचा बोळा कोंबून मी हसले, आणि हसता हसता रडलेही. का रडले म्हणाल तर सांगता येणार नाही. लई बरं वाटलं, एवढंच.

मॅडमना सांगितलं तर त्या टाळी वाजवून उठल्याच. जोडी अनोळखी म्हणून बाद झाली याचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्यांना आता नवीनच बघायचं होतं. मालक सोबत असताना कुत्री कशी वागतात? दोन्ही मालकांनी आपापलं कुत्रं धरून बसायचं आणि मॅडमनी खूण केली की सोडायचं. अट एकच. मालकांनी अवाक्षर काढायचं नाही, कारण मालकाच्या आवाजानं कुत्रं बदलतं.

दादांना मी जाऊन सांगितलं, "तात्या म्हणतात, बांड्या भित्रा हाय, त्याच्यानं दोरी ओढणार न्हाई." तात्यांना सांगितलं, "दादा म्हणतात, काळ्याला मालकाचं ऐकायची सवयच न्हाई." दोन्ही धादांत खोटं. शनिवारी दुपारी दोघंही धुतलेले सदरे घालून डेअरीत हजर. दुसऱ्या दिवशी नेकनूरचा बाजार होता आणि दादांनी बैलाच्या गळ्यातली घुंगरं त्या सकाळीच सोडून खुंटीला अडकवली होती.

दोघं खोलीच्या दोन कोपऱ्यांत गुडघे टेकून बसले. हातात दावी. मॅडमनी अट पुन्हा समजावली. दोघांनी मान हलवली. मी घड्याळ घेऊन भिंतीला टेकले. मॅडमनी खूण करायला हात वर केला.

"काळ्या," तात्या म्हणाले, "इकडं बघ बे. तिकडं बघू नगंस. तिकडली मान्सं उद्या बाजारला निघालीत म्हनं."

मॅडमचा हात वरच राहिला.

बोलणं बंद असलेल्या माणसाला काही ऐकवायचं असेल तर ते कुत्र्याला, वासराला नाहीतर तान्ह्या पोराला सांगायचं, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. तिनं बोलणं बंद असल्याचा मान राहतो आणि निरोपही पोचतो. दादांना ती रीत चांगलीच येत होती.

"बांड्या," ते म्हणाले, "ज्याचं त्यानं बघावं म्हनावं. एका बैलाची काय पूजा बांधायची हाय?"

"एक कावून? ह्या दारात एक, त्या दारात एक. किती झाले बे काळ्या?"

"आमाला कुनी इचारलं न्हाई, बांड्या."

"इचारायचं धाकट्यानं असतंय का थोरल्यानं? सांग की काळ्या."

मॅडमनी माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलं. यांना गप्प कर, असं त्या सांगत होत्या आणि ते माझं कामच होतं. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी डोळे मोठे केले. मी हात जोडले.

दादा बराच वेळ बांड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग खाली बघत म्हणाले, "धाकटा पडल्यावर थोरल्यानं पाठीवर हात ठिवायचा असतोय, बांड्या. त्यो कुनी ठिवला न्हाई."

तात्या काळ्याकडं वाकले. "थोरला बी पडलाच हुता की, काळ्या. त्याच्या पाठीवर कुनी ठिवायचा?"

आणि बोलता बोलता त्यांच्या हातातलं दावं सुटलं. काळा जाळीकडं धावला. मी मनात म्हटलं, संपलं, हिसकणार आता. तो दोरीपाशी गेला. दोरी हुंगली. मग तिच्याशेजारी बसला आणि मान वळवून बांड्याकडं बघायला लागला. दादांनी बांड्याला घट्ट धरून ठेवलेलं, त्यांचं लक्षच नव्हतं, ते तात्यांकडं बघत होते. तात्या त्यांच्याकडं बघत नव्हते, पण दादा बघतायत हे त्यांना माहीत होतं. काळा एकदा कुंई कुंई करून रडला, पण त्यानं दोरीला तोंड लावलं नाही. मी घड्याळ चालू करायचं विसरले.

"जा," दादा म्हणाले, आणि बांड्याला सोडलं.

दोघांनी दोरी धरली. वाट्या बाहेर आल्या.

"बाद," मॅडम म्हणाल्या. "मालक बोलले. पूर्ण फेरी बाद." मग त्यांनी चष्मा काढून ओढणीनं पुसला. "पण इतका वेळ थांबलेलं कुत्रं मी अजून पाहिलं नव्हतं."

डेअरीला दार एकच. आधी कुणी बाहेर पडायचं यावरून दोन्ही भाऊ कितीतरी वेळ आतच उभे राहिले. शेवटी कुत्री गेली आणि त्यांच्यामागं ते.

आता सगळं जमलं असं मला वाटलं, तर तसं काही झालं नाही. रविवारी सकाळी दादा म्हणाले, पाय दुखतोय, पुढल्या बाजारला बघू. पुढल्या बाजारला म्हणाले, ऊन लई हाय. घुंगरं खुंटीलाच होती, पण बैलही दावणीलाच होता. मॅडमचं काम संपलं आणि त्या जाळी, फळी सगळं बांधून पुण्याला गेल्या. मग पाऊस झाला, छावणी उठली, जनावरं घरी आली. गावात पेरण्या सुरू झाल्या तरी आमच्या घरातून कुणी भिंतीपलीकडं गेलं नाही आणि पलीकडून कुणी आलं नाही. माझा संताप संताप झाला. कुत्र्यांना जमतं ते तुम्हाला का जमू नये, असं मी विचारलं. दादा म्हणाले, "कुत्री विलेक्शनला हुबी ऱ्हात न्हाईत."

त्या दिवशी तिन्हीसांजेला आई भांडी घासून उठली, पदर खोचला आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. इतके दिवस माझ्या कुत्र्यांना नाकं मुरडणारी बाई. बांड्या तिच्या पायाशी आडवा पडला होता.

"बांड्या," ती टिपेला आवाज नेऊन ओरडली, "उद्या दिस उगवायला तळ्याकडच्या रानात पेरायचं हाय बरं का! दुसरा बैल कुटून येतोय, द्येवालाच ठावं!"

भिंतीपलीकडं कुणीतरी खाकरलं. आई शांतपणे आत येऊन भाकऱ्या थापायला बसली.

सकाळी दादांनी मुद्दामच उशीर केला. कासरा सापडत नाही म्हणाले, तो त्यांच्या खांद्यावर होता. मग खुंटीवरची घुंगरं काढून बैलाच्या गळ्यात घातली. बियाण्याची पाटी आईच्या डोक्यावर, मी मागं, बांड्या सगळ्यांच्या पुढं. दादांची पावलं अशी जड पडत होती की मला त्यांची दया आली. रान रिकामं असलं तर त्यांना काय वाटेल हेच माझ्या मनात घोळत होतं.

आम्ही बांधावर चढलो. पेरायची तिफण आदल्या दिवशी टाकली होती तशीच पडली होती, जू जमिनीवर. जुवाच्या एका बाजूला तात्या आपला देवणी धरून उभे होते. बैल जुंपला नव्हता, जुवाला हात लावला नव्हता. पायाशी काळा बसला होता आणि दोघंही बांधाकडं बघत होते.

दादा जागीच थांबले. मला वाटलं, आता बांड्याला काहीतरी सांगतील. पण बांड्या केव्हाच पळत काळ्यापाशी पोचला होता आणि सांगायला जवळ दुसरं जनावर नव्हतं.

"तात्या," दादांनी हाक मारली, "थांब, आलोच."

"थांबलोय की," तात्या म्हणाले. "कवाचा. ये."